आधी वर्ष, मग महिना

"त्या म्हाताऱ्याला बंदरावर तुम्हीच लटकवून ठेवलंय! वर बसून कॉफी ढोसत नियम करता आणि भोगायचं लोकांनी?"

वरच्या मजल्यावरच्या साहेबाने फोन ठेवला. हेदविगनेही आपटला.

बोट कंपनीच्या तिकीटविक्रीचा प्रोग्राम तिच्याकडे होता. दुसऱ्या फोनवर आर्विद नावाचा तो म्हातारा खोळंबला होता. ग्रोशेर बेटाची आजची शेवटची बोट सुटायला आली होती, आणि त्याची बायको तिकडे आजारी. नवरा-बायकोचं खातं एकच. कार्डाचा नंबर त्यात साठवलेला. फक्त जुनी मुदत संपली होती. नवी टाकली की तिकीट. नेमकी तीच प्रोग्राम घेईना. बंदरावर रोख कोणी घेत नाही.

"माझं कार्ड बँकेने बंद केलंय गं," आर्विद म्हणाला. "हे बायकोचं. तिनेच फोनवर मुदत सांगितली. तुमचं यंत्र मेलं तोंडावर दार आपटतंय. घाई कर, पोरी."

"फोन ठेवू नका. बघते."

पडद्यावर त्याने टाकलेलं दिसत होतं. २७/०५. हेदविगला हसू आलं, तेही कडवट. आपल्या स्वीडनमध्ये माणूस आधी वर्ष लिहितो, मग महिना. शाळेपासून हाताला तेच वळण. कार्डावर मात्र उलटं. प्रोग्रामने सत्तावीस हा महिना धरला आणि बँकेला न विचारताच हाकलून दिलं. त्याखाली २७-०६. मग २७.०७. कुठे रेघ, कुठे टिंब. तीनदा चुकलं की खात्याला दिवसभर कुलूप.

शेजारचा टोर्केल खुर्ची सरकवत आला. "कुलूपच काढतेयस? डोकं फिरलंय का बाई तुझं?"

"तुझी आई अशी अडकली असती तर?"

"माझी आई तुला फोन करत बसली नसती. पोहत गेली असती." मग त्याचा आवाज उतरला. "हेदविग, तो नियम उगाच नाही घातलेला."

"वरच्यांची चमचेगिरी बंद कर."

तिने लिहिलं: पहिला आकडा बाराच्या वर असेल तर ते वर्ष धर. रेघ, टिंब, मोकळी जागा, काहीही चालवून घे. कुलूप उडवलं. कुणाची परवानगी न घेता बदल चालू करून टाकला.

"टाका आता, आर्विद."

बँकेने नाकारलं. पुन्हा टाकलं. पुन्हा नाकारलं. फोनमधून बोटीचा भोंगा ऐकू आला.

"घाईत चुकतोय बिचारा," ती टोर्केलला म्हणाली. मग फोनमध्ये, "सावकाश. कितीही वेळा चुकू द्या, आता कोणी अडवणार नाही."

२८/०१. नाही.

२८/०२. हिरवी खूण.

"बसलं!" हेदविग किंचाळली. टोर्केलनेही टाळी दिली.

"तू नसतीस तर ती मला भेटलीच नसती," आर्विद म्हणाला आणि धावत सुटला.

हेदविगने दोघांसाठी कॉफी ओतली. दालचिनीचा पाव मोडला. वरच्यांनी उद्या हाकललं तरी बेहत्तर, असं तिला वाटलं. एक माणूस तरी आज आपल्या माणसाकडे पोहोचणार होता.

फोन वाजला. एका बाईचा दबका आवाज.

"माझ्या मोबाइलवर बँकेचा निरोप आलाय. माझ्या कार्डावर कुणीतरी ग्रोशेरचं तिकीट काढलंय."

"कुणीतरी काय, तुमच्या आर्विदनीच! बोटीत बसले, निघाले तुमच्याकडे. तुमची तब्येत कशी आहे?"

पलीकडे कडी लागल्याचा आवाज. काहीतरी जड ओढून दाराला लावल्याचा आवाज.

"मला काही झालेलं नाही. मी त्याला मुदतही सांगितली नाही. त्याने मारून टाकू नये म्हणून मी इथे लपून राहतेय." तिला धाप लागली होती. "इथे पोलीससुद्धा त्याच बोटीने येतात. बोला ना बाई, आता मी जाऊ कुठे?"