नदीकडे

गिरधरनानांची लेक रूपाली पांझरा नदीच्या पल्याड दिली, आणि या काठाची गोलकीपर त्या काठाची झाली. आज दोन्ही काठांच्या पोरींचा फुटबॉलचा अंतिम सामना. मैदानात उतरण्याआधी ती पाया पडायला आली.

"नाना, आज कोणाकडून ओरडणार?"

भोवती सगळी गल्ली कान देऊन उभी. नाना म्हणाले, "आपल्या काठाकडून. आणखी कोणाकडून?"

ती हसली आणि हातमोजे चढवत निघून गेली.

सामना बरोबरीत असताना अगदी शेवटी पेनल्टी आली. मारायला नानांच्या गल्लीतली हर्षिता. तिचा सराव नाना रोज बघत. ती मारणार ती नदीच्या अंगालाच. गल्ली ओरडत होती, "ए सासुरवाशिणी, माहेराला एवढा एक गोल दे ना!"

रूपाली लहान असताना जिथे उभं राहून नानांनी तिला शिकवलं, तिथेच, जाळ्यामागे, ते आजही उभे होते. हर्षिता धावली आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "रूपे, नदीकडे!"

रूपालीने ऐकलं, आणि ती उलट, रस्त्याच्या बाजूला झेपावली. चेंडू नदीच्या अंगाने जाळ्यात गेला.

गल्लीने नानांना खांद्यावर उचललं. "नाना, पोरले काय फसाडं तुम्ही!" नाना नाही नाही म्हणत राहिले, पण ढोलात कुणाला ऐकू जाईना.

जाताना रूपाली पुन्हा पाया पडली. "तुमचं काही चुकलं नाही, नाना. तुम्ही आधीच सांगितलं होतं."