दाराला लागलेली पाठ

"पटणार नाय तुमाला. कुणालाच पटत नाय," ठमाबाई म्हणाली आणि भिंतीला न टेकता बसली.

समोर संरक्षण अधिकारी स्नेहल मॅडम कागद घेऊन होत्या. ठमाबाईच्या सुनेला, नीताला, बेलपाड्यातल्या या घरातून कुणी काढायचं नाही, असा पनवेल कोर्टाचा हुकूम होता. मारहाण सिद्ध व्हायची ती होईल, तोवर छप्पर तिचं. तरी मंगळवारी भर दुपारी, ती तारखेला गेलेली बघून, नवरा सत्यजीत कुलूपवाल्याला घेऊन आला. सामान रस्त्यावर टाकायचं, नवं कुलूप लावायचं. मग फिर म्हणावं कागद घेऊन.

पण दार उघडलंच नाही.

"मी पनवेलला, मासळी बाजारात," ठमाबाई सांगू लागली. "घरात चिटपाखरू नाय. कुलूप निघालं. माझ्या पोरानं तीनदा धडक मारली. दार इतभर उघडायचं, परत मिटायचं."

"तुम्ही तर बाजारात होता."

"गावात बातमीला रिक्षा लागते का, बाय? ऐका. आत माप लवंडलं. नवी नवरी घरात येताना लवंडते ना, तसं. तांदूळ सांडले. मग बाईचा श्वास. दाराला पाठ लावून उभी असल्यासारखा."

"कोण बाई?"

"या घरातली जुनी सून. चाळीस वर्सांमागं नवऱ्यानं तिला अशीच दुपारची बाहेर काढली. तवा असला कागद नवता. मेली ती. पण मंगळवारी बोलली आतून, 'एक गेली, दुसरी नाय जाणार.' पोरगा पांढराफटक. कुलूपवाला पिशवी टाकून पळाला."

पिशवी खरंच ओट्यावर पडली होती. लाद्यांच्या फटीत तांदूळही होते. मॅडमनी नकळत पाय वर घेतले. दार वाऱ्याने किंचित हललं, तेव्हा दोघींनी आणि आत हळद गरम करणाऱ्या नीतानेही तिकडे पाहिलं.

नीता गरम हळदीची वाटी घेऊन सासूच्या मागे बसली. पदर बाजूला केला. दोन्ही खांद्यांवर आडवा काळानिळा पट्टा उठला होता.

"बाजारात पाय घसरला," ठमाबाई घाईने म्हणाली.

नीताचा हात थांबला नाही.

"खोटं, आई," ती म्हणाली. "ती सून मेली, तर मी हळद कुणाच्या पाठीला लावतेय?"