थर्लबेकांचा मान

विअर नदीकाठच्या गोदीत, जहाजाच्या तळाची शेवटची फट डांबरी सुंभ ठोकून बुजवता बुजवता म्हातारे आयझॅक थर्लबेक कोसळले, ते उठलेच नाहीत.

आज त्यांना मूठमाती देताना सगळी गोदी टोप्या काढून उभी होती. नदीवर एकही हातोडा वाजत नव्हता. ते जहाज मात्र सकाळच्या भरतीबरोबर निघून गेलं होतं, आणि त्यावर त्यांच्या लेकीचा, टॅमरचा, नवरा होता.

"रडतेस काय वेडे?" जॉबकाका म्हणाले. "तुझ्या बापाच्या हातचं जहाज ते! सुखरूप येतो बघ तुझा राल्फ."

"पण काका, बाबांची ती राहिलेली फट कोणी बुजवली?"



"त्याच्या अर्ध्या कामाला हात लावणारा या गोदीत अजून जन्मायचाय, पोरी! वरून नुसती माती लिंपली आणि रंग दिला."