धाकट्याचा कॅमेरा

थोरल्याने स्टुडिओच्या भिंतीवर वर्तमानपत्राचं एक पान चिकटपट्टीने लावलं, समोर तिपाई उभी केली आणि दोन्ही कॅमेरे टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. एक त्याचा, एक धाकट्या भावाचा. दोन्ही इतके जुने की आजची पोरं त्यांच्याकडे ढुंकूनही बघणार नाहीत. पण यातला सरस कुठला, यावरून दोघे भाऊ बारा वर्षं हमरीतुमरीवर येत होते आणि निकाल लावायचा राहूनच गेला होता. धाकट्याला जाऊन आता तीन महिने झाले होते.

त्याच्या कॅमेऱ्याची बॅग सकाळी भावजयीने आणून दिली. “मला उघडवत नाही, दादा. तुम्हीच बघा,” एवढंच बोलून ती आत गेली. घर स्टुडिओच्या मागेच होतं.

मग थोरल्याने ठरवलं, आज एकदाची कुस्ती लावायचीच. नुसतं बसून राहण्यापेक्षा ते बरं. बॅटरी चार्ज होईपर्यंत दुपार झाली. त्याने दोन्ही कॅमेऱ्यांतली कार्डं पुसून कोरी केली. त्यासाठी विचार करावा लागत नव्हता, बोटं आपली आपण चालत. फार पूर्वी एका लग्नाच्या अल्बममध्ये दुसरीच नवरी जाऊन बसली होती आणि दोन्हीकडच्या सासवांनी मिळून या भावांची खरडपट्टी काढली होती. तेव्हापासूनचा दोघांचा नेम होता: फोटो त्याच संध्याकाळी कॉम्प्युटरवर उतरवायचे आणि नवीन कामाआधी कार्ड पुसायचं.

आधी रंग. त्याने स्वतःच्याच तळहाताचा फोटो दोन्हींतून काढला. त्याच्या कॅमेऱ्यात हात हातासारखा दिसत होता, धाकट्याच्या कॅमेऱ्यात जरा पिवळा. “बघ, सांगत नव्हतो?” तो मोठ्याने म्हणाला. उलट उत्तर आलं नाही, तेव्हा त्याला उगाच बोललो असं झालं.

मग वर्तमानपत्र. धाकट्याच्या कॅमेऱ्यात अगदी बारक्या जाहिरातीतलं अक्षरही वाचता येत होतं. त्याच्या स्वतःच्या कॅमेऱ्यात तिथे नुसत्या मुंग्या होत्या. त्याने तीनदा काढून बघितलं. मुंग्याच.

शेवटी वेग. बटण दाबून धरायचं आणि कोण आधी दमतो ते बघायचं. त्याचा कॅमेरा विसाव्या फोटोलाच धापा टाकायला लागला. धाकट्याचा मात्र खडखड, खडखड चालूच राहिला. थोरल्यानेही बोट उचललं नाही. त्या आवाजात भाऊ खोलीत वावरत असल्यासारखं वाटत होतं, आणि ते थांबूच नये असं वाटत होतं. कार्ड काठोकाठ भरलं, तेव्हाच कॅमेरा गप्प झाला.

“जिंकलास, गाढवा,” तो म्हणाला, आणि त्याला रडू आलं.

भावजय चहाचे दोन कप घेऊन आली. गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसली.

“बघितलेत?”

“बघितला. त्याचाच चांगला आहे. मी आपला बारा वर्षं हट्टाने भांडलो.”

“कॅमेऱ्याचं नाही हो. फोटो.” ती कपाकडे बघत बोलत होती. “हॉस्पिटलात रोज माझा एक फोटो काढायचे. हात थरथरायचा, तरी काढायचेच. दाखवा म्हटलं तर म्हणायचे, घरी गेल्यावर सगळे एकदम बघ. एकोणीस दिवस काढले.”

थोरल्याने टेबलावरच्या भावाच्या कॅमेऱ्याकडे बघितलं. हॉस्पिटलात कुठला आलाय कॉम्प्युटर? ते फोटो उतरवणार कोण होतं? नुसतं पुसलेलं कार्ड असतं तर त्यातून जुने फोटो खणून काढणारी माणसं त्याच्या ओळखीची होती. पण त्या फोटोंच्या जागी त्याने वर्तमानपत्राचं पान भरलं होतं. पुन्हा पुन्हा तेच पान, तसूभरही जागा न सोडता.

“कार्ड कोरं होतं,” तो म्हणून गेला.

“कोरं?”

“काहीच नव्हतं त्यात.”

“म्हणजे नुसतंच बटण दाबत होते,” ती म्हणाली. “ माझी समजूत काढायला.” तिने हसायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. “आणि मी खुळी रोज केस विंचरून बसत होते.”

त्याने तोंड मिटून घेतलं असतं तर ती आत निघून गेली असती आणि विषय तिथेच मिटला असता. पण मेलेल्या भावाच्या माथी खोटेपणा मारून चहा पिणं त्याला जमेना.

“नाही गं,” तो म्हणाला. “त्याने काढले होते. पुसले मी. आज दुपारी, हे दोन कॅमेरे ताडून बघायला.”

तिने आरडाओरडा करावा, कप फेकून मारावा, असं त्याला वाटत होतं. तिने कप हळूच टेबलावर ठेवला.

“पुसायच्या आधी एक तरी बघितलात का, दादा?”

त्याने मान खाली घातली. “नाही.”

“शेवटच्या दिवशी मी हसले होते की रडले होते, तेच मला आठवत नाही,” ती म्हणाली. “तेवढंच बघायचं होतं.”