नवशिक्यांना जपताना

आमच्या मिनेसोटातल्या कॉलेजात ओडेट आणि तिच्या तीन सोबत्यांनी नवशिक्यांना प्रोग्रॅमिंग शिकवणारं सॉफ्टवेअर बनवलं. पोरं बिचकू नयेत म्हणून चुकांचे सगळे तपशील काढून टाकले. काहीही बिघडलं तरी पडद्यावर एकच वाक्य यायचं: 'छान प्रयत्न! पुन्हा करून बघा.'

ज्यावर चौघांची पदवी अडकली होती, त्या प्रात्यक्षिकाला सॉफ्टवेअर सुरूच होईना. पडद्यावर तेच गोड वाक्य.

"अगं, कुठल्या ओळीत चुकलंय ते बघ ना!" सोबत्यांपैकी ब्रॅम रडकुंडीला आला.

"कुठं बघू, माझ्या कपाळावर? ओळ दाखवली की पोरं घाबरतात, हे कोण म्हणालं होतं?" ओडेट तडकली.

परीक्षक म्हणून बसलेल्या प्राध्यापिका व्हॅलबर्गबाई मान डोलवत ऐकत होत्या. संध्याकाळी चौघांनी बाईंनी पाठवलेला निकाल उघडला.



'छान प्रयत्न! पुन्हा करून बघा.'