लिंबाखालचा पंखा

जालन्याच्या एमआयडीसीत सरकीच्या तेलाचा एक कारखाना होता. तिथल्या एका खोलीत तेल काढायच्या रसायनाचा पेट्रोलासारखा वास भरून राह्यचा. एक ठिणगी उडाली की चाळीस माणसं जागेवर राख. त्या खोलीतली मोटर जळाली आन् वायरमन पुंजारामानं नवी बसवली. जुनी पडली बाहेर, लिंबाखालच्या भंगारात. दर खंडेनवमीला तिला कुंकू लावणारा तोच.

"तपासणीचे साहेब बघून जाईस्तोवर चालू करायची न्हाई," तो म्हणला.

"तुझे साहेब येतील सोमवारी! जल्दी दाब खटका," मुकादम कडूबा वरडला.

पुंजारामानं खटक्याकडं हात नेला आन् खिडकीतून बघतो तर काय, जुन्या मोटरीचा पंखा गरगर फिरून राह्यला! वायर न्हाई, वारं न्हाई. हात मागं घेतला, पंखा थांबला. परत नेला, परत फिरला.

"कडूबाभाऊ, मी न्हाई दाबत, दुसऱ्या कुणाला दाबू बी देणार न्हाई. काढा कामावरून."

सोमवारी साहेबांनी नव्या मोटरीचं झाकण उघडलं आन् लगेच मागं सरले. "अरे, ही तर साधी मोटर! हिची ठिणगी बाहेर आली असती."

पुंजारामानं लिंबाखाली नारळ फोडला. "माय, चाळीस घरं राखली तू," म्हणत जुन्या मोटरीवर डोकं टेकलं.

पंधरा दिवसांनी ठिणगी आतच कोंडणारी मोटर आली. साहेबांनी एकेक बोल्ट तपासला, कागदावर सही केली आन् हसून म्हणले, "आता बिनधास्त दाब."

पुंजारामानं लिंबाकडं बघून हात जोडले, मंग एक हात खटक्याकडं नेला.

लिंबाखालचा पंखा परत फिरायला लागला.