ओट्याबाहेरची रेघ

"हेमा, दार उघडत नाहीये! यशवंता ओट्यावर पडलाय, मला दिसतोय काचेतून!" फोनवर वडील ओरडत होते.

भर दुपार होती. उन्हाने माणसं मरू लागल्यापासून नव्या घरांची दारं दिवसा कुणाला छपराबाहेर जाऊ देत नसत. नकाशात छपराची कड दाखवणारी तुटक रेघ, तीच त्यांची हद्द. शेजारचे यशवंतकाका जुन्या घरात राहायचे. त्यांना अडवणारं दार नव्हतं, म्हणून ते गप्पा मारायला आले होते.

वडिलांचं घर हेमांगीनेच आखलं होतं, आणि त्यात ओटा छपराबाहेर राहिला होता. तिने रुग्णवाहिका बोलावली आणि ऑफिसात नकाशा उघडून ती रेघ ओट्यापुढे ओढली. 'छपराचं प्रत्यक्ष माप जुळत नाही,' असं दाराच्या यंत्रणेकडून उत्तर आलं. तिने पुन्हा ओढली. पुन्हा तेच.

रुग्णवाहिका आली, पण उशिरा.

ऊन उतरल्यावर हेमांगी घरी पोचली. दार आता सताड उघडं होतं आणि वडील ओट्यावर एकटेच बसले होते.

"दोन फूट छप्पर पुढे का नाही घेतलंस गं?" त्यांनी विचारलं.

घर समोरून देखणं दिसावं म्हणून, हे तिला सांगता आलं नाही.